‘पिन्ड’मध्ये दिसत नाही म्हणजे कॉम्प्युटरवर नाही, असं नव्हे

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि त्याच्या आगेमागे घरांतले, दुकानांतले, झेरॉक्स-डीटीपीच्या टपऱ्यांवरचे बरेच कॉम्प्युटर विंडोज ११ वर गेले. तेव्हापासून एक तक्रार सारखी कानावर येते: ‘अपडेट झालं आणि माझा प्रोग्रामच उडाला.’ बहुतेक वेळा तो होता तिथेच असतो. घोळ होतो तो स्टार्ट मेनूतल्या दोन भागांचा, ‘पिन्ड’ आणि ‘ऑल’ यांचा. दोन्हीकडे तेच आयकॉन, दोन्हीकडून क्लिक केलं की तोच प्रोग्राम उघडतो, म्हणून दोन्ही एकच वाटतात.

विंडोज १० मध्ये हा प्रश्न उद्भवतच नव्हता. स्टार्ट दाबलं की सगळ्या प्रोग्रामची एबीसीडीप्रमाणे यादी समोर, आणि तिच्या शेजारी टाइल्स. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ने ती यादी ‘ऑल’च्या बटणामागे नेली आणि समोर ठेवले फक्त पिन केलेले आयकॉन. मला हा निर्णय पटलेला नाही. ज्याला कॉम्प्युटरची सवय आहे तो बटण शोधून काढतो. ज्याला नाही, तो समोर दिसतं तेवढंच आहे असं धरून चालतो, आणि त्यात त्याची काहीच चूक नाही.

‘पिन्ड’ म्हणजे निवडक प्रोग्राम. नव्या कॉम्प्युटरवर ही निवड मायक्रोसॉफ्टने आणि कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीने केलेली असते, तुम्ही नाही. तुम्ही एखादा प्रोग्राम नव्याने टाकलात तरी तो आपोआप इथे येऊन बसत नाही. फार तर काही दिवस खालच्या ‘रेकमेंडेड’ भागात दिसतो आणि मग तिथूनही जातो. नेमका तेव्हाच माणूस घाबरतो.

‘ऑल’ म्हणजे वर्गाचा हजेरीपट. स्टोअरमधून घेतलेली ॲप्स त्यात असतातच. सीडीवरून किंवा डाउनलोड करून टाकलेले जुने प्रोग्रामही असतात, कारण इन्स्टॉल होताना ते आपला शॉर्टकट, म्हणजे क्लिक केल्यावर प्रोग्राम उघडणारी खूण, विंडोजच्या एका ठरावीक फोल्डरमध्ये ठेवतात आणि ‘ऑल’ तो फोल्डर वाचतं. श्री-लिपीसारखा मराठी टायपिंगचा प्रोग्राम ‘पिन्ड’मध्ये दिसला नाही, तर आधी इथे पाहायचं.

मात्र इथेही नाव नेमकं कोणत्या अक्षराखाली आहे ते कळावं लागतं. वर्ड हा ‘डब्ल्यू’खाली सापडतो, पण एज ‘एम’खाली, कारण त्याचं पूर्ण नाव मायक्रोसॉफ्ट एज. काही प्रोग्राम स्वतःच्या नावाने नसतात, कंपनीच्या नावाच्या फोल्डरमध्ये असतात. कंट्रोल पॅनल तर ‘विंडोज टूल्स’ नावाच्या फोल्डरच्या आत आहे. यादी लांब असेल तर कोणत्याही अक्षराच्या शीर्षकावर क्लिक करा. पूर्ण एबीसीडी उघडते आणि हव्या त्या अक्षरावर थेट जाता येतं.

२०२५ च्या अखेरीपासून येऊ लागलेल्या नव्या स्टार्ट मेनूत ‘ऑल’ त्याच पानावर, ‘पिन्ड’च्या खाली आलं आहे. नुसतं खाली सरकायचं. हा बदल खरोखर चांगला आहे. फक्त त्यात ॲप्स कामाच्या प्रकारानुसार गटांत मांडलेली दिसली आणि गोंधळायला झालं, तर कोपऱ्यातल्या पर्यायातून ‘लिस्ट’ निवडा. गट विंडोज स्वतःच पाडतं, त्यामुळे आपला प्रोग्राम कुठल्या गटात गेला हे ओळखत बसावं लागतं. यादीत तसं होत नाही.

या दोन भागांतला फरक सगळ्यात महागात पडतो तो राइट क्लिक करताना. ‘पिन्ड’मधल्या आयकॉनवर राइट क्लिक केलं की ‘अनपिन’ आणि ‘अनइन्स्टॉल’ एकाच मेनूत येतात. ‘अनपिन’ने आयकॉन त्या जागेवरून जातो, प्रोग्राम शाबूत राहतो. ‘अनइन्स्टॉल’ने प्रोग्रामच जातो. स्टार्ट मेनू आवरायला बसलात तर हात ‘अनपिन’वरच जाऊ द्या. उलट दिशेने, ‘ऑल’मधल्या रोजच्या प्रोग्रामवर राइट क्लिक करून ‘पिन टू स्टार्ट’ म्हटलं की तो वर येतो.

प्रोग्राम दिसत नाही म्हणून नेटवर त्याचं नाव शोधून तो पुन्हा डाउनलोड करायला मात्र धावू नका. शोधात वर येणारी साइट खऱ्या कंपनीची असेलच असं नाही, आणि नकली इन्स्टॉलरमधून नको ते कॉम्प्युटरमध्ये शिरतं. आधीच असलेल्या गोष्टीसाठी एवढी जोखीम कशाला?

कीबोर्डवरचं विंडोजचं बटण दाबून थेट प्रोग्रामचं नाव टाइप करणं हा सगळ्यात जलद रस्ता. पण मराठी टायपिंग करणाऱ्यांना एक अडचण हमखास येते: कीबोर्ड मराठीवर राहिलेला असतो, पेंट लिहायला जावं तर देवनागरी अक्षरं उमटतात आणि शोधात प्रोग्राम येत नाही. विंडोज आणि स्पेसबार एकत्र दाबून कीबोर्ड इंग्रजीवर आणा आणि पुन्हा टाइप करा.

एवढं करूनही ‘ऑल’मध्ये नाव नाही, असं कधी होतं? प्रोग्राम इन्स्टॉल न करता नुसता फोल्डरमधून चालवत असाल तेव्हा. त्याने शॉर्टकट कुठेच ठेवलेला नसतो. अशा वेळी विंडोज आणि ‘आर’ एकत्र दाबा. उघडलेल्या चौकटीत इंग्रजीत शेल, मग कोलन, मग प्रोग्राम्स असं मध्ये जागा न सोडता (shell:programs) लिहून एंटर करा. जो फोल्डर उघडेल त्यात त्या प्रोग्रामचा शॉर्टकट बनवून ठेवा. थोड्या वेळाने तो ‘ऑल’मध्ये दिसू लागेल, आणि मग हवा तर पिनही करता येईल.