विमान भंगारात काढायचंय? ॲल्युमिनियम भट्टीत जाण्याआधी कागद कुठे अडतात

विमानाची नोंदणी रद्द करून ते मोडायचा अर्ज परत आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "भंगारच तर आहे, त्याला एवढे कागद कशाला?" कारण विमानांच्या सरकारी नोंदवहीतून नाव निघेपर्यंत ते भंगार नसतं, विमान असतं. मग इंजिनं उतरवलेली असोत की तीन वर्षं धूळ खात पडलेलं असो. नाव निघालं तरी ते लगेच ॲल्युमिनियम होत नाही. मधल्या काळात तो कचरा असतो आणि कचऱ्याचे नियम वेगळे. बहुतेक त्रुटीपत्रं या तीन अवस्थांची गल्लत झाल्यामुळे निघतात. फॉर्मचे क्रमांक देशागणिक बदलतात, अडायच्या जागा मात्र सगळीकडे त्याच.

अर्ज कोणी करायचा

सहसा नोंदणीकृत मालकाने (कर्ज देणाऱ्या संस्थेचा अपवाद पुढे येतो). विमान चालवणाऱ्या कंपनीने नाही, भाडेपट्ट्यावर घेणाऱ्याने नाही आणि इसार देऊन बसलेल्या भंगार व्यापाऱ्याने तर नाहीच. सोबत मूळ नोंदणी प्रमाणपत्र, संचालक मंडळाचा ठराव, मुखत्यारपत्र. कंपनीचं नाव मधे बदललं असेल तर त्याचा दाखलाही लावा.

विमान मोडणाऱ्या कंपनीकडे पर्यावरण खात्याचा कचरा हाताळण्याचा परवाना हवा. इथे अनेक जण 'आफ्रा' या विमान पुनर्वापर क्षेत्रातल्या, २००६ साली स्थापन झालेल्या संघटनेचं मानांकन जोडतात आणि निश्चिंत होतात. मानांकन चांगलंच आहे, पण ते ऐच्छिक आहे. परवान्याच्या रकान्यात ते चालत नाही.

कोणाकडेच नसलेला कागद

तो म्हणजे बोजा उतरल्याचं पत्र. विमानांवरच्या कर्जाच्या हक्कांबद्दलचा २००१ चा केपटाउन करार मान्य केलेल्या देशांत कर्ज देणारी संस्था सहसा 'आयडेरा' नावाचं अधिकारपत्र नोंदवून ठेवते. ते नोंदलेलं असेल तर नाव काढण्याची विनंती करायचा हक्क त्या संस्थेकडे, किंवा तिने नेमलेल्या प्रतिनिधीकडे जातो. मालक एकट्याने ते अधिकारपत्र रद्द करू शकत नाही, संस्थेची लेखी संमती लागते. कर्ज कधीच फिटलेलं असतं, संस्था दुसऱ्या संस्थेत विलीन झालेली असते आणि जुनी फाईल कोणत्या कपाटात आहे हे कोणालाच माहीत नसतं. म्हणून पहिलं पत्र त्यांना पाठवा, बाकीचे कागद नंतर.

याच करारात इंजिन हे सांगाड्यापासून वेगळी मालमत्ता धरलं जातं. सांगाडा तुमचा असला तरी पंखाखालचं इंजिन तिसऱ्याचंच असू शकतं. सांगाड्याचा आणि प्रत्येक इंजिनाचा अनुक्रमांक तपासल्याशिवाय 'विमान बोजामुक्त आहे' असं लिहून देऊ नका.

तारखेची चूक

मोडायची जागा परदेशात असेल तर विमान तिथे उडत जाणार. १९४४ च्या शिकागो करारानुसार आंतरराष्ट्रीय उड्डाणाला राष्ट्रीयत्वाची आणि नोंदणीची खूण लागते. म्हणजे शेवटचं उड्डाण आधी, नाव काढणं नंतर. एका मालकाने उत्साहाच्या भरात शुक्रवारी नोंदणी रद्द करून घेतली, उड्डाण होतं सोमवारी. वैमानिक हजर, इंधन भरलेलं आणि विमान कायद्याने कोणत्याच देशाचं नाही! पुन्हा नोंदणी, पुन्हा उड्डाणाची विशेष परवानगी. पार्किंगचं भाडं मात्र रोज चढत होतं. नियम तसा सरळ आहे. तो फॉर्मवर दोन ओळींत छापायला काय हरकत आहे, हे मला आजवर कळलेलं नाही.

नाव निघालं की आणीबाणीच्या बीकनची नोंदणीही स्वतंत्रपणे रद्द करा आणि बीकनची बॅटरी काढा. ती राहिली आणि यार्डात क्रेनचा धक्का बसला, तर बीकन उपग्रहाला संकटाचा संदेश पाठवतो आणि शोधपथक भंगाराच्या ढिगाकडे निघतं.

'लागू नाही' लिहिण्याआधी

इंधन, हायड्रॉलिक तेल आणि बॅटऱ्यांची यादी सगळे देतात. राहतात ते अग्निशामकातला हॅलॉन (तो हवेत सोडायचा नसतो, जमा करायचा असतो), रासायनिक प्राणवायूचे डबे, रंगाखालचं क्रोमेटयुक्त प्रायमर आणि किरणोत्सर्गी वस्तू. जुन्या ७४७, डीसी-१० आणि ट्रायस्टार विमानांत शेपटीकडच्या समतोल वजनांसाठी क्षीण युरेनियम वापरलेलं असे. पुढे त्या जागी टंगस्टन आलं, पण तुमच्या विमानात नक्की काय आहे हे देखभालीच्या नोंदी पाहूनच लिहा. भट्टीच्या फाटकावर किरणोत्सर्ग मोजणारं यंत्र असतं. ते वाजलं की अख्खी गाडी परत.

मिश्रधातूचं घोषणापत्र

सर्वांत जास्त नकार इथे मिळतात. रकान्यात नुसतं 'ॲल्युमिनियम' लिहून भागत नाही. सांगाड्याचा पत्रा बहुधा २०२४ असतो. हे साल नव्हे, मिश्रधातूचा क्रमांक. त्यात सुमारे ४ टक्के तांबं. आतल्या पट्ट्या आणि चौकटी अनेकदा ७०७५ च्या, त्यांत ५ ते ६ टक्के जस्त. पंखाचा वरचा पत्रा साधारण ७००० मालिकेतला, खालचा २००० मालिकेतला. हे सगळं एकत्र वितळवलं तर तांबं-जस्त पुन्हा वेगळं काढता येत नाही. शुद्ध धातू ओतून पातळ करा, नाहीतर ओतकामाच्या हलक्या दर्जात घाला. म्हणून कापणीचा आराखडा अर्जासोबतच मागतात: कोणता भाग कुठून कापणार आणि कोणत्या ढिगात टाकणार.

तपासणी अहवालाची खोड तर हमखास. धातूतले घटक मोजणारी क्ष-किरण बंदूक पत्र्याला लावली, आकडे छापले, जोडले. पण रंगावर लावली तर टायटॅनियम आणि क्रोमियम दिसतं. रंग खरवडला तरी वर जवळपास शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो, गंज लागू नये म्हणून चढवलेला. त्यामुळे तांबं कमी दिसतं. ग्राइंडरने नाण्याएवढी जागा उघडी करा, कापलेल्या कडेवरही एक वाचन घ्या आणि दोन्हीचे फोटो लावा. लिथियमयुक्त मिश्रधातू असण्याची शक्यता असेल तर ही बंदूक निरुपयोगी, कारण तिला लिथियम दिसतच नाही. तिथे लेझरवर चालणारं यंत्र लागतं. पोलादी आणि टायटॅनियमचे बोल्ट, रिव्हेट कसे काढणार तेही लिहा. लोखंड एकदा वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये गेलं की निघत नाही.

आणि तो ८५ टक्क्यांचा आकडा. एअरबसने २००५ पासून फ्रान्समधल्या तार्बजवळ एक ए३०० मोडून पाहिलं आणि वजनाच्या ८५ टक्क्यांपर्यंत सामग्री सत्कारणी लागू शकते असं दाखवलं. त्यात पुन्हा वापरलेले सुटे भागही आले. 'ॲल्युमिनियम ८५ टक्के' असं लिहिलेले अर्ज मी इतके पाहिलेत की आता तो आकडा दिसला की पान उलटायच्या आधीच पेन उचलतो.

माल सीमेपार जाणार असेल तर

स्वच्छ, सुटं केलेलं ॲल्युमिनियम भंगार, धोकादायक कचरा सीमेपार नेण्याबद्दलच्या बाझल कराराच्या बिनधोक यादीत, बी १०१० या नोंदीखाली येतं. तेल ठिबकणारा अर्धवट सांगाडा येत नाही. त्याला आगाऊ सूचना आणि लेखी संमती लागते. ६० दिवसांत माल ज्यातून जाणार त्या मधल्या देशाचं उत्तर आलं नाही म्हणजे होकार, असं समजून गाडी काढू नका. ज्या मधल्या देशाने आगाऊ लेखी संमतीची अट स्वतःहून सोडली आहे, त्याच्याच बाबतीत गप्प राहणं होकार धरता येतं. अनेक खेपांची एकत्रित संमती जास्तीत जास्त १२ महिन्यांची असते. पहिली गाडी कधी निघाली यावरून ती मोजू नका, संमतीपत्रावरची तारीख पाहा.

शेवटी विनाशाचा दाखला. त्यावर विमानाच्या ओळखपट्टीचा अनुक्रमांक लागतो. ती पट्टी आठवण म्हणून कोणी घरी नेली नाही ना, हे कापणीच्या आदल्या दिवशी बघून घ्या.