परदेशी निघालात? लायसनचं निम्मं काम गावातच उरकून जा

‘विठ्ठल’ आणि ‘विठ्ठलराव’ हे एकच गृहस्थ आहेत, हे आपल्या लातूर-नांदेडकडे कोणाला सांगावं लागत नाही. जर्मनीतल्या खिडकीमागे बसलेल्या बाईला मात्र ते सांगावं लागतं, तेही कागदानिशी. अहमदपूरकडच्या एका पोराचा ड्रायव्हिंग लायसनचा अर्ज तिथून परत आला तो एवढ्याच कारणावरून. पासपोर्टवर वडिलांच्या नावामागे ‘राव’ होतं, लायसनवर नव्हतं. रात्री व्हिडिओ कॉलवर विचारतो, ‘काका, आता काय करू?’ आता काय करणार! जाण्याआधी महिनाभर तो माझ्या दुकानावरून रोज गाडी घेऊन जात होता.

तालुक्याच्या गावी माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. पीक विमा, शिष्यवृत्ती, उत्पन्नाचा दाखला, आणि अलीकडे परदेशी चाललेल्या पोरापोरींचे लायसनचे अर्ज. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून चौकशा वाढल्या आहेत. आखाताकडे जाणारे तर आधीपासूनच होते. फेटाळलेले अर्ज पाहून पाहून एक गोष्ट लक्षात आली. माणूस अडतो तिकडे, पण चूक झालेली असते इकडे.

आधी एक गैरसमज काढून टाका. ‘इथलं लायसन दिलं की तिथलं मिळतं’ असं एजंट सांगतात. काही देशांच्या लायसनबाबत ते खरं आहे, भारताच्या बाबतीत बहुतेक ठिकाणी नाही. जर्मनी, ब्रिटन, संयुक्त अरब अमिराती, कॅनडातलं ओंटारिओ या चारही ठिकाणी भारतीय लायसनवाल्याला परीक्षा द्यावीच लागते. मग इथल्या लायसनचा उपयोग काय? उपयोग दोन. सुरुवातीचे काही महिने गाडी चालवता येते, आणि शिकवणीचे तास किंवा परीक्षेआधी थांबायचा काळ वाचतो. पण त्यासाठी लायसन चालू मुदतीचं, पासपोर्टशी जुळणारं आणि सरकारी नोंदीत दिसणारं हवं.

दुसरा गैरसमज आंतरराष्ट्रीय परवान्याचा, म्हणजे आयडीपीचा. परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर फॉर्म ४अ, फी १००० रुपये, मुदत एक वर्ष किंवा मूळ लायसन संपेपर्यंत, जे आधी येईल ते. जानेवारी २०२१ मध्ये केंद्राने नियम बदलले, त्यानंतर या अर्जाला व्हिसा आणि वैद्यकीय दाखल्याची अट राहिलेली नाही. तरी काही खिडक्यांवर अजून व्हिसाची झेरॉक्स मागतात. असेल तर देऊन टाका, नसेल तर नियम बदलल्याचं नम्रपणे सांगा. भांडून तारीख लवकर मिळाल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. काढायला सोपा आहे, लोक फसतात ते त्याचा अर्थ लावताना. आयडीपी म्हणजे तुमच्या लायसनचं भाषांतर, नवं लायसन नव्हे. मूळ कार्ड घरी ठेवून नुसती ती पुस्तिका घेऊन गेलेला माणूस तिकडे विनालायसनच धरला जातो. आणि ऑनलाइन ‘दहा वर्षांचं इंटरनॅशनल लायसन’ कोणी विकत असेल तर तो तुम्हाला नुसता छापील कागद विकतोय.

सगळ्यात महाग पडतो तो मुदतीचा घोळ. आयडीपीवर ‘एक वर्ष’ वाचलं की लोक समजतात, वर्षभर चिंता नाही. जर्मनीत वास्तव्य सुरू झाल्यापासून सहाच महिने भारतीय लायसनवर गाडी चालवता येते, तुमच्या आयडीपीवर काहीही छापलेलं असो. आपण वर्षभराच्या आतच परतणार, असं दाखवता आलं तरच ती मुदत वाढवून मिळू शकते. दुबई-अबुधाबीत तर याहून कडक. भेटीच्या व्हिसावर आयडीपी चालतो, पण रहिवासी व्हिसा लागला की त्या दिवसापासून तिथलंच लायसन हवं. त्यानंतर अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. ब्रिटनमध्ये बारा महिने मिळतात, पण ते रहिवासी झाल्याच्या तारखेपासून. मधे दिवाळीला गावी येऊन परत गेलात म्हणून घड्याळ पुन्हा शून्यावर येत नाही. हा हिशेब मला दर वर्षी कोणाला तरी समजावावा लागतो. तिथे प्रॅक्टिकल परीक्षेच्या तारखा महिनोन्‌महिने मिळत नाहीत, म्हणून पोहोचल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांतच प्रोव्हिजनल, म्हणजे तिथलं शिकाऊ, लायसन काढून थिअरीला बसा. अकराव्या महिन्यात जाग आली की उरलेले दिवस बसने.

याच्या उलटही घडतं. नांदेडच्या एका मुलीचे जर्मनीतले सहा महिने उलटून गेले. कोणीतरी तिला सांगितलं, आता सगळं संपलं, ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पहिल्यापासून शिक. ते खरं नव्हतं. सहा महिन्यांनंतर गाडी चालवायचा हक्क जातो, पण भारतीय लायसनच्या आधाराने अर्ज करायचा हक्क राहतो. लायसन चालू असेल तर सक्तीचे शिकवणीचे तास माफ असतात. डोळ्यांची तपासणी, प्रथमोपचाराचा कोर्स, अधिकृत भाषांतर आणि दोन्ही परीक्षा मात्र द्याव्या लागतात. लेखी परीक्षा इंग्रजीत देता येते. तास माफ आहेत म्हणून एकही तास न घेता प्रॅक्टिकलला जाऊ नका. आपल्याकडे पाटी नसलेल्या चौकात आधी कोण जाणार ते हॉर्न ठरवतो, तिकडे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं. आणि वळताना मान वळवून मागे पाहिलं नाही तर परीक्षक तिथेच खूण करतो. जर्मन लायसन हातात देताना ते भारतीय कार्ड काढून घेतात, म्हणून त्याआधी दोन्ही बाजूंचा स्वच्छ स्कॅन काढून ठेवा.

आता कोणाकडेच नसतो त्या कागदाकडे येऊ. सातबाऱ्याचा असतो तसा लायसनचाही उतारा असतो. सारथीवर त्याला डीएल एक्स्ट्रॅक्ट म्हणतात. लायसन पहिल्यांदा कधी मिळालं, कोणत्या वाहनाचं कधी जोडलं, मुदत कधीपर्यंत, हे सगळं त्यात येतं. इथे तो कोणी मागत नाही, म्हणून कोणी काढत नाही. ओंटारिओत नव्या रहिवाशाला जुन्या लायसनवर ६० दिवस मिळतात. पुढे टप्प्याटप्प्याची लायसन पद्धत लागते, पण आधीचा अनुभव धरून थांबायचा काळ कमी करतात. १२ महिन्यांपर्यंतचा अनुभव तुमच्या स्वतःच्या सांगण्यावर मानतात. त्याहून जास्त दाखवायचा तर ज्या कार्यालयाने लायसन दिलं त्याचं किंवा आपल्या दूतावासाचं पत्र लागतं. गेल्या तीन वर्षांतला २४ महिन्यांचा अनुभव कागदावर असेल तर न थांबता शेवटच्या टप्प्याच्या रोड टेस्टला बसता येतं. पत्र नसेल तर बारा महिन्यांवरच भागवावं लागतं, मग तुम्ही पंधरा वर्षं रोज लातूर-सोलापूर चालवलेलं असो. टोरांटोत बसून इथल्या आरटीओचं पत्र मिळवायचं म्हणजे भावाला चार खेटे, प्रत्येक खेट्याला एक रजा.

उतारा हातात पडला की तिथेच उभं राहून वाचा. चुका बहुतेक ठरलेल्या असतात. आपल्याकडे पोरगा आधी मोटरसायकलचं लायसन काढतो, कारचं नंतर जोडतो. २००९ पासून लायसन आहे म्हणून सांगतो, आणि उताऱ्यात एमसीडब्ल्यूजी (गिअरची मोटरसायकल) २००९, एलएमव्ही (कार) २०२२. त्यांना कारचीच तारीख हवी असते. दुसरी चूक जुन्या लायसनच्या नूतनीकरणावेळी शिरते. पहिल्यांदा लायसन मिळालं त्या तारखेच्या जागी नूतनीकरणाची तारीख चढते आणि माणसाची दहा वर्षं गडप होतात. तिसरी अडचण नव्या नावांची. २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव आणि औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं. लायसनवर जुनं नाव आणि पत्राच्या माथ्यावर नवं, म्हणजे तिकडच्या कारकुनाच्या दृष्टीने दोन वेगळी कार्यालयं. पत्र घेताना ‘पूर्वीचे उस्मानाबाद’ असं लिहून मागा आणि एमएच-२५, एमएच-२० हा क्रमांक त्यात येईल हे पाहा. तो बदललेला नाही.

ज्यांच्याकडे अजून ते वहीसारखं जुनं लायसन आहे, फोटोवर शिक्का मारलेलं, त्यांनी हे वाचून झाल्यावर लगेच उठावं. ते लायसन खरं आहे, पण सारथीवर नोंद नसेल तर आजच्या जगात ते दिसतच नाही. आयडीपी निघत नाही, उतारा निघत नाही, दूतावासही नोंद तपासायला गेला की त्याला काही सापडत नाही. त्यासाठी मूळ कार्यालयात जाऊन जुन्या रजिस्टरवरून नोंद चढवून घ्यावी लागते. बॅकलॉग एंट्री म्हटलं की खिडकीवरच्यांना कळतं. अंबाजोगाईच्या माणसासाठी हे जरा किचकट. आज तिथे एमएच-४४ चं स्वतंत्र कार्यालय आहे, पण त्याचं जुनं लायसन बीडच्या एमएच-२३ चं असू शकतं. वहीवर शिक्का कोणाचा आहे ते पाहूनच एसटी पकडा. रजिस्टर शोधायला किती दिवस लागतील हे ते शोधणाऱ्याच्या मनावर. म्हणून व्हिसाची वाट पाहत बसू नका, हे काम आधी लावा.

नावाचं काम त्याच फेरीत. पासपोर्ट बदलण्यापेक्षा लायसन पासपोर्टप्रमाणे करून घेणं सोपं. ‘राव’, ‘बाई’, स्पेलिंगमधला एखादा ‘एच’, असले फरक पासपोर्ट जोडून दुरुस्तीचा अर्ज करून मिटवावेत. नावच वेगळं असेल तर राजपत्र लागेल. लग्नानंतर पासपोर्टवर सासरचं आणि लायसनवर माहेरचं नाव असलेल्या मुलींनी विवाह नोंदणीचा दाखला लावावा, आणि त्यावर इंग्रजी मजकूर आहे ना हे पाहून घ्यावं. जन्मतारखेचंही तसंच. शाळेत नाव घालताना गुरुजींनी ठोकलेली एक जून अर्ध्या मराठवाड्याची जन्मतारीख आहे, त्याला इलाज नाही. पण ती सगळ्या कागदांवर एक जूनच असू द्या. पासपोर्टवर खरी आणि लायसनवर गुरुजींची, असं झालं की अर्ज परत आलाच समजा.

लायसन कधी संपतं हेही आज पाहून घ्या. १ सप्टेंबर २०१९ च्या आधी काढलेली खासगी वाहनांची लायसनं २० वर्षं किंवा वयाच्या पन्नाशीपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर होती. म्हणजे २००६-०७ ची आता संपायला आली आहेत. नूतनीकरण मुदतीच्या एक वर्ष आधीपासून करता येतं, आणि संपल्यानंतरही वर्षभर. ते वर्ष उलटलं की पुन्हा चाचणी, आणि ती व्हिडिओ कॉलवर होत नाही. चाळिशी ओलांडलेल्यांना डॉक्टरचा फॉर्म १अ लागतो, तो गावात असतानाच जमतो. दीड वर्षाने संपणार असेल तर तिकिटाची तारीख ठरवताना हाही हिशेब धरा.

‘पुढच्या महिन्यात फ्लाइट आहे, लायसन काढून द्या’ म्हणून येणाऱ्यांना मी चहा पाजून परत पाठवतो. लर्निंग मिळाल्यावर पक्क्या लायसनच्या चाचणीला ३० दिवस थांबावंच लागतं, कोणाचीही ओळख असली तरी. याहून वाईट बेत म्हणजे आधी जर्मनीला जायचं आणि दिवाळीच्या सुट्टीत येऊन इथलं लायसन काढून न्यायचं. तिथे राहायला लागल्यानंतर काढलेलं भारतीय लायसन जर्मनी मानत नाही. तारीख त्यावरच छापलेली असते, लपवणार कशी? जपानला जाणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. लायसन मिळाल्यानंतर तुम्ही किमान तीन महिने भारतात होतात, हे तिथे पासपोर्टवरच्या शिक्क्यांवरून दाखवावं लागतं.

शेवटी सिमकार्ड. सारथीवरचं जवळजवळ प्रत्येक काम ओटीपीवर चालतं, आणि तो ओटीपी येतो आधारला आणि लायसनला जोडलेल्या नंबरवर. पोरं तिकडे गेली की इथलं सिम बंद पडतं, काही महिन्यांनी तोच नंबर दुसऱ्या कोणाला तरी मिळतो, आणि तुमच्या लायसनचा ओटीपी त्या अनोळखी माणसाच्या फोनवर वाजतो. दोन्हीकडे एकच नंबर आहे ना ते तपासा. सिम वडिलांच्या साध्या फोनच्या दुसऱ्या खाचेत घालून द्या, रिचार्ज संपायची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, आणि आलेले सहा आकडे तुम्हाला सोडून कोणालाही वाचून दाखवायचे नाहीत, हे त्यांना दोनदा सांगा.