बेस गिटारशिवायचा बँड: हाउंड डॉग टेलर आणि हाउसरॉकर्स

ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत) वाजवणारा गिटारवादक आणि गायक हाउंड डॉग टेलर याची पहिली एलपी (लाँग-प्ले तबकडी) १९७१ साली आली, तेव्हा त्याने पन्नाशी ओलांडली होती. मिसिसिपीतल्या नॅचेझमध्ये जन्म, १९४२ मध्ये शिकागोला येणं, दिवसा मिळेल ते काम आणि रात्री बारमध्ये वाजवणं, ही वाटचाल त्या पिढीतल्या कितीतरी वादकांची आहे. १९५७ च्या सुमारास त्याने नोकरी सोडली आणि गिटारवरच पोट भरायचं ठरवलं. दुसरा गिटारवादक १९५९ मध्ये सोबत आला, ड्रमर १९६५ मध्ये. तिघेच. हेच हाउसरॉकर्स, आणि शेवटपर्यंत तेवढेच राहिले.

साठच्या दशकात टेलरच्या दोन-तीन छोट्या तबकड्या निघाल्या, पण शिकागोबाहेर कुणी फारशी दखल घेतली नाही. १९६७ मध्ये तो ब्लूज कलाकारांच्या एका ताफ्याबरोबर युरोपलाही जाऊन आला, तरी परिस्थिती होती तशीच राहिली. त्याआधी १९६१ साली गाजलेल्या 'हाइड अवे' या वादनरचनेची मुख्य धून टेलरकडून घेतल्याचं ती गाजवणाऱ्या गिटारवादकानेच पुढे सांगितलं. रचनेच्या श्रेयात मात्र टेलरचं नाव नाही. बारमध्ये वाजवलेलं आणि कुठेही न नोंदवलेलं संगीत सहज दुसऱ्याच्या नावावर चढतं, त्याचं हे ठसठशीत उदाहरण.

सगळं बदललं ते शिकागोच्या साउथ साइड भागातल्या 'फ्लॉरेन्सेस' या छोट्या बारमुळे. तिथे रविवारी दुपारी हाउसरॉकर्स वाजवायचे. शिकागोतल्याच एका ध्वनिमुद्रिका कंपनीत माल पाठवण्याच्या विभागात काम करणारा एक तरुण ते ऐकून भारावून गेला आणि आपल्या मालकाच्या मागे लागला की यांचं रेकॉर्डिंग करा. मालकाने नकार दिला. तेव्हा या तरुणाने वारशात मिळालेले अडीच हजार डॉलर काढले, दोन संध्याकाळी स्टुडिओ घेतला आणि एलपीच्या हजार प्रती छापल्या. एका बँडसाठी सुरू झालेली ती कंपनी पुढे ब्लूजमधलं मोठं नाव झाली.

वाद आहे तो त्या दोन संध्याकाळींबद्दल. स्टुडिओत बेस गिटार (खालचे, जड सूर धरणारी) आणायची की नाही? चांगला अ‍ॅम्प (गिटारचा आवाज मोठा करणारं यंत्र) द्यायचा का? निर्णय असा झाला की बारमध्ये जे आणि जसं वाजतं, तेच आणि तसंच टेपवर घ्यायचं. टेलरकडे स्वस्तातली जपानी गिटार होती आणि अ‍ॅम्पचे स्पीकर फाटलेले. आवाज चिरफाळत यायचा. तो तसाच ठेवला.

हा कच्चेपणा आहे, हौशी कामाला शैलीचं नाव दिलंय, अशी टीका तेव्हापासून होत आली आहे. ती मला अजिबात पटत नाही. एलपीची पहिली बाजू कान देऊन ऐका. टेलर स्लाइडवर असतो, म्हणजे बोटात घातलेली नळी तारांवर घसरवत वाजवतो, तेव्हा दुसरा गिटारवादक आपल्या टेलिकास्टर या इलेक्ट्रिक गिटारच्या जाड तारांवर बेसची चाल धरून असतो. टेलर गाण्याकडे किंवा ऱ्हिदमकडे वळला की हाच माणूस वरच्या तारांवर जाऊन मुख्य धून उचलतो, आणि तळ सांभाळायचं काम टेलर आणि ड्रमरवर येतं. ही अदलाबदल खुणेशिवाय, चालत्या तालात होते. तिथे चौथा माणूस बेस घेऊन उभा राहिला असता तर दोन्ही गिटारींना ही फिरायची मोकळीक राहिली नसती. वर्षानुवर्षं एकत्र वाजवून कमावलेली ही जुळणी आहे, आणि ती गुळगुळीत करायला नकार देणं हा त्या एलपीमागचा सर्वांत शहाणा निर्णय होता.

टीकेतला एक मुद्दा मात्र मान्य करावा लागतो. टेलरच्या स्लाइडवर ब्लूजमधला गाजलेला स्लाइडवादक एल्मोर जेम्स याची छाप उघड आहे आणि त्याच्या सुरावटींचा साठा मर्यादित आहे. पण त्या बारमध्ये लोक नाचायला येत. खुर्चीत बसून दोन्ही पायांनी ठेका धरणारा टेलर त्यांना थांबू देत नसे, आणि त्याच्या वादनाला पहिली कसोटी तीच लावायला हवी.

एलपीनंतरची चार वर्षं धावपळीची होती. कॉलेजांचे कार्यक्रम, महोत्सव, १९७५ मध्ये ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचा दौरा. दुसरी एलपी दरम्यान येऊन गेली होती. बँडमधली भांडणं जगजाहीर होती, पण त्याच वर्षी ती हाताबाहेर गेली. घरी झालेल्या वादात टेलरने आपल्याच गिटारवादकावर गोळी झाडली. तो बचावला. टेलरवर खुनाच्या प्रयत्नाचा आरोप ठेवला गेला, पण खटला उभा राहण्याआधीच फुप्फुसाच्या कर्करोगाने तो अंथरुणाला खिळला. जखमी सहकाऱ्याने इस्पितळात येऊन त्याला माफ केलं. १७ डिसेंबर १९७५ रोजी टेलर गेला. त्याची लाइव्ह एलपी बाजारात आली ती त्यानंतर.

हाउसरॉकर्स त्याच्याशिवाय फार टिकले नाहीत. दुसऱ्या एका नामवंत स्लाइडवादकाने काही काळ त्यांचं नेतृत्व केलं, पण ते जमलं नाही. १९८४ मध्ये टेलरचा ब्लूज हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. गिटारवादक आणि ड्रमर शिकागोत इतरांबरोबर वाजवत राहिले. १९९६ मध्ये त्या गिटारवादकाची स्वतःच्या नावाची सीडी निघाली, आणि ती काढली टेलरला नकार देणाऱ्या त्याच जुन्या कंपनीने.