७५ सेंटचा न लागलेला हिशेब

१९८६ साली कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत संगणकवापराच्या हिशेबात ७५ सेंटचा मेळ बसेना, आणि ती चूक शोधण्याचे काम मूळचे खगोलशास्त्रज्ञ असलेल्या, पण नुकतेच संगणक विभागात आलेल्या क्लिफर्ड स्टोल यांच्याकडे आले. एवढी क्षुल्लक रक्कम दुसऱ्या कोणी सोडून दिली असती. स्टोल यांनी तिचा पिच्छा पुरवला आणि अखेर पश्चिम जर्मनीतून अमेरिकी लष्करी संगणकांत शिरणाऱ्या एका हॅकरपर्यंत माग पोहोचला.

सायबर हल्ला वेळीच ओळखण्याचे तंत्र आजही अशाच न जुळणाऱ्या बारीकसारीक नोंदींवर उभे आहे. प्रत्येक सर्व्हर, राउटर आणि फायरवॉल (नेटवर्कमधली ये-जा तपासणारी यंत्रणा) आपल्याकडे काय घडले ते वेळेसह लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, टिपून ठेवू शकतो. हे लॉग एकत्र आणून (आधी सगळ्यांची घड्याळे जुळवावी लागतात, नाहीतर घटनाक्रमच उलटासुलटा होतो) त्यांत परिचित मालवेअरच्या, म्हणजे घातक सॉफ्टवेअरच्या, खुणा शोधल्या जातात. ही पद्धत भरवशाची असली तरी नव्या हल्ल्यापुढे ती हतबल ठरते. म्हणून रोजच्या वागण्यापेक्षा वेगळे काही दिसते का, हेही पाहावे लागते.

समजा, एखादा संगणक दर ६० सेकंदांनी एकाच अनोळखी पत्त्यावर छोटासा संदेश पाठवतो आहे. संदेश कूटबद्ध असल्यामुळे आतला मजकूर कळत नाही, पण माणूस वाचताना रेंगाळतो, मध्येच उठून जातो; रात्री तीन वाजताही न चुकणारा ठेका यंत्राचाच असतो. कदाचित आत शिरलेले मालवेअर आपल्या धन्याकडे पुढचा हुकूम मागत असेल. कदाचित एखादे निरुपद्रवी सॉफ्टवेअर नवी आवृत्ती आली का, एवढेच विचारत असेल.

इथे गणित आडवे येते. दिवसाला १० लाख नोंदींपैकी १० घातक आहेत असे धरले, तर निर्दोष नोंदींपैकी फक्त १ टक्क्यावर चुकून बोट ठेवणारी प्रणालीही सुमारे १०,००० खोटे इशारे देते, आणि ते तपासणारा माणूस थोड्याच दिवसांत इशारे न वाचता मिटवू लागतो.

म्हणूनच मला सापळ्याची युक्ती सर्वांत हुशारीची वाटते. कोणालाही न दिलेले एखादे खाते किंवा मोहात पाडणाऱ्या नावाची बनावट फाइल मुद्दाम ठेवून द्यायची. तिला हात लावण्याचे कोणालाच कारण नसल्यामुळे एक स्पर्शही चौकशीला पुरेसा होतो. स्टोल यांनीही क्षेपणास्त्र-संरक्षणाविषयीची खोटी कागदपत्रे संगणकात ठेवली होती, आणि ती उतरवून घेण्याच्या नादात हॅकर इतका वेळ जोडणीवर राहिला की त्याच्या फोनचा ठावठिकाणा लागला.