गाडीतला हरवलेला षड्ज

गाडीतल्या म्युझिक सिस्टीमबद्दल एक समजूत पक्की बसली आहे: गाण्यात जे कमी ऐकू येतं, त्याची इक्वलायझरची पट्टी वर सरकवली की झालं. बास कमी वाटला, बास वाढवा. गायक दबला, मधल्या पट्ट्या वाढवा. पण गाडीत सूर दबण्याचं एक मोठं कारण असं आहे, की तिथे पट्टी चुकीचं औषध ठरते. ते कारण मला फार देखणं वाटतं.

आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. उजव्या दारातला स्पीकर त्याला जवळ, डावा दूर. समजा, ही अंतरं 73 आणि 135 सेंटिमीटर आहेत, फरक 62. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 344 मीटर धरला, तर 277 हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी येते 124 सेंटिमीटर. म्हणजे डावीकडची लहर बरोबर अर्धी तरंगलांबी मागे पडते. उजवीकडून संपीडन (हवेचा दाबलेला भाग) पोहोचतं त्याच क्षणी डावीकडून विरलन (विरळ भाग), आणि दोन्ही एकमेकांना खातात. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाचा तार षड्ज 277 हर्ट्झचाच असतो! तान चढत जाते आणि टोकाचा सूरच फिका पडतो. 3 पटीला, म्हणजे 831 हर्ट्झला, पुन्हा तेच. 2 पटीला, 554 ला, मात्र दोन्ही लहरी जुळून आवाज फुगतो.

हे स्वतः तपासता येतं. आवाज फक्त पुढच्या स्पीकरवर घ्या, मोबाइलच्या ॲपवरून एकच सूर वाजवा आणि तो 200 ते 400 हर्ट्झमध्ये सावकाश फिरवा. एका जागी बॅलन्स पूर्ण उजवीकडे असताना आवाज मोठा येईल, आणि मधोमध आणताच, दोन स्पीकर वाजत असूनही, कमी होईल.

पट्टी वर केली की दोन्ही स्पीकर सारखेच जोरात वाजतात आणि तितक्याच जोरात एकमेकांना खोडतात. उरलासुरला आवाज वाढतो खरा, पण 10 डेसिबलसाठी ॲम्प्लिफायरला 10 पट पॉवर लागते. तेवढी नसली की आवाज फाटतो. शिवाय डोकं वीतभर बाजूला झुकलं की तोच सूर अंगावर येतो. सोन्याचा मुलामा दिलेल्या महागड्या केबलनेही हे सुटत नाही. सोनं गंजत नाही, एवढाच त्याचा गुण. 62 सेंटिमीटर 62च राहतात.

खरा उपाय वेळेचा आहे. जवळच्या स्पीकरला 1.8 मिलिसेकंद उशीर द्यायचा, म्हणजे दोन्ही लहरी एकदम पोहोचतात. काही सिस्टीममध्ये टाइम अलाइनमेंट नावाची सोय असते, ती याचसाठी. इक्वलायझर त्यानंतर हातात घ्यावा, आणि तोही जिथे आवाज फुगलाय तिथे कमी करायला.

मात्र हा हिशेब एकाच सीटचा. डावीकडे बसलेल्यासाठी उजवा स्पीकर आधीच दूर, त्यात हा उशीर. फरक दुप्पट, 124 सेंटिमीटर. त्याच्या कानी आता 139 हर्ट्झच्या आसपासचा आवाज दबतो, म्हणजे त्याच गायकाचा मधला षड्ज. सोबत कोणी ऐकणारं असेल, तर ही सोय बंद ठेवलेली बरी.