शाळेच्या वेळापत्रकात शेती कशी आली

19 ऑक्टोबर 1882 रोजी जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगाला, म्हणजे ब्रिटिश सरकारने नेमलेल्या शिक्षण आयोगाला, निवेदन दिले. मोडी-बालबोध वाचन, लेखन आणि हिशेबाच्या जोडीला मुलांना शेतीचे प्राथमिक ज्ञान द्यावे, असे त्यात आहे. शिवाय शाळेला लहानसे नमुना शेत जोडावे आणि मुलांना तिथे प्रत्यक्ष शिकवावे, असेही त्यांनी सुचवले. शालेय शेतीचे पुढचे प्रयोग बहुतेक या दुसऱ्या सूचनेपाशीच अडखळले. धडा छापणे सोपे असते. शेताला मात्र पाणी लागते, मे महिन्यात राखण लागते आणि मातीत हात घालणारा शिक्षक लागतो.

मुंबई इलाख्यात पुण्याजवळच्या लोणीला मराठीतून शेती शिकवणारी शाळा निघाली. 1928 साली अहवाल देणाऱ्या शाही कृषी आयोगाने अशा ‘लोणी पद्धती’च्या शाळांची दखल घेतली. पण त्या वेगळ्या शाळा होत्या. सर्वसाधारण शाळेतले पोर शेतीपासून लांबच राहिले.

ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी नई तालीम, म्हणजे हातकामातून शिक्षण, ही कल्पना मांडली आणि झाकीर हुसेन समितीने तिचा अभ्यासक्रम आखला. त्यात शेती हा मूलोद्योग होता, म्हणजे इतर विषय शिकण्याचे साधन. वाफा आखताना क्षेत्रफळ, खत कुजताना जीवशास्त्र. ही कल्पना आजही सर्वात भक्कम वाटते. तिचा प्रसार मात्र बहुतेक ठिकाणी सूतकताईपुरता उरला. कोठारी आयोगाने (1964-66) ‘कार्यानुभव’ आणला, 1977 मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ सुचवले. शाळाशाळांतून त्याची कागदी फुले झाली, कारण केलेल्या कामाची कुणाला गरजच नव्हती.

कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक यांनी उभारलेल्या भारतीय शिक्षण संस्थेच्या छत्राखाली 1983 मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी शिरूर तालुक्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांनी गाव मुद्दाम कोरडवाहू निवडले. त्यांचा ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा आठवी ते दहावीचा विषय 1987 पासून राज्य मंडळाने मान्य केला. आठवड्यातला एक दिवस हाताने काम, आणि शिकलेल्या कामातून गावाला सेवा. शेती-पशुपालन हा त्याच्या चार विभागांपैकी एक.

तिथली जनावराचे वजन काढण्याची पद्धत बघा. पुढच्या पायांच्या लगेच मागे टेप गुंडाळून छातीचा घेर घ्यायचा, मग खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या (कमरेमागच्या भागाच्या) मागच्या हाडापर्यंत लांबी. दोन्ही मापे इंचात. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले 660, म्हणजे किलोत वजन. घेर 60 आणि लांबी 50 असेल तर गाय सुमारे 273 किलोची. टेप सैल राहून घेर 62 आला, तर तीच गाय 291 किलोची ठरते. दोन इंचांनी 18 किलोंचा फरक का पडला, हे विचारले की वर्ग म्हणजे काय ते मुलाला आयुष्यभर कळते. म्हणून गाय सपाट जागी, चारही पायांवर सरळ उभी हवी. त्या वजनाच्या अडीच ते तीन टक्के शुष्क पदार्थ (चाऱ्यातले पाणी वगळून उरणारा भाग) रोज पोटात जायला हवा, म्हणजे 7 ते 8 किलो. हिरव्या मक्यात सुमारे 80 टक्के पाणी असते, त्यामुळे 20 किलो मका टाकूनही जेमतेम 4 किलो भरतो. ‘भरपूर घालतो तरी दूध नाही’ ही घरातली तक्रार इथे हिशेबात सापडते.

दुसरा तसाच धडा सोयाबीनच्या उगवणीचा. निवड न करता 100 दाणे मोजून ओल्या गोणपाटावर ओळीत मांडायचे, वर दुसरे ओले गोणपाट, गुंडाळी सावलीत, आणि आठवड्याने निरोगी कोंब मोजायचे. 70 किंवा जास्त उगवले तर एकरी 30 किलो बियाणे. त्याखाली प्रत्येक टक्क्याला अर्धा किलो वाढवायचे, म्हणजे 60 टक्क्यांना 35 किलो. गोणपाट पिळून न घेता थबथबीत ठेवले की दाणे कुजतात आणि चांगले बियाणेही नापास होते. सोयाबीनचे साल पातळ असते. पोते वरून आपटले तरी अंकुर दुखावतो. मुलांनी हे एकदा डोळ्यांनी बघितले की पोती उतरवताना घरच्यांना टोकणारे तेच असतात.

अडचण वेळापत्रकाची आहे. उगवणीची ही चाचणी पेरणीआधी हवी आणि तेव्हा शाळेला सुट्टी. जूनच्या मध्यावर शाळा उघडते तोवर अनेक गावांत पेरणीची घाई सुरू झालेली असते. उपाय एकच: एप्रिलमध्ये, सुट्टीपूर्वी घरोघरचे बियाणे मुलांनी शाळेत आणून तपासणे.

2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीसाठी दप्तराविना 10 दिवस सुचवले आहेत. ते सलग घेतले तर उगवण चाचणी बसते, पीक एकही बसत नाही. मेथीलाही सुमारे महिना लागतो. तेच दिवस आठवड्याला एक असे 10 आठवड्यांत पसरले आणि मधल्या दिवसांत पाण्याची पाळी मुलांत वाटली, तर मेथीची काढणी होऊन शेजारच्या गादीवाफ्यावरची टोमॅटोची रोपे 25-30 दिवसांत लावणीला येतात आणि दहाव्या आठवड्यात त्यांना फुले दिसू लागतात.