मशीन मिनिटं मोजून पाणी घेत नाही

आमच्या ऐरोलीच्या सोसायटीत कित्येक वर्षं हेच ऐकतेय, नळाला प्रेशर कमी असलं की ऑटोमॅटिक मशीन कमी पाण्यात कपडे धुते, कारण म्हणे ती ठरलेली मिनिटंच पाणी घेते. अहो तसं नाहीये. टबच्या खालून एक बारीक नळी वर प्रेशर सेन्सरला जाते, पाणी चढलं की नळीत अडकलेली हवा दाबली जाते आणि तो दाब ठरलेल्या लेव्हलचा झाला की व्हॉल्व्ह बंद. धार बारीक असेल तर वेळ जास्त लागेल, पाणी तेवढंच! फारच उशीर झाला तर बऱ्याच मशीन एरर दाखवून थांबतात. आमच्या मशीनची लेव्हल चुकायला लागली तेव्हा मेकॅनिकने नळी काढून दाखवली, तोंडाशी साबणाचा पांढरा चिकट गाळ बसलेला.